30 किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

जानेवारीच्या कडाक्यात माझा कॉम्बी बॉयलर, म्हणजे घरही तापवणारा आणि नळाचं पाणीही लगेच गरम करून देणारा गॅस बॉयलर, गुडगुडला आणि लॉक झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. बसवणारी कंपनी म्हणते बॉयलरचा दोष, बॉयलरची कंपनी म्हणते बसवणाऱ्याचा. दोष होता कंडेन्सेट पाइपचा, म्हणजे बॉयलरच्या धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपचा. 21.5 मिमीचा बारीक पाइप भिंतीबाहेर उघडा सोडला होता, त्यातलं पाणी गोठलं. इंग्लंडात दर थंडीत हेच होतं आणि ते टाळणं अगदी सोपं आहे. शक्यतो हा पाइप घरातच सिंकच्या निचऱ्याला जोडून घ्या. बाहेरून न्यायचाच असेल तर किमान 32 मिमीचा, वरून इन्सुलेशन, लांबी कमीत कमी आणि मीटरमागे किमान 45 मिमी उतार. गोठलाच तर कोमट पाणी ओता, उकळतं नको, मग रीसेट करा. कोटेशनमध्ये ही ओळ लिहून घ्या, तोंडी आश्वासन नको.

पण पाइप बदलून मिळतो. बॉयलरचं किमान आउटपुट, म्हणजे तो कमीत कमी किती किलोवॅटवर चालू शकतो ते, बदलता येत नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे. सगळे विचारतात 24 किलोवॅटचा घेऊ, 30 चा घेऊ की 35 चा. तो आकडा गरम पाण्यासाठी. हीटिंगला तीन बेडरूमच्या साधारण सेमी-डिटॅच्ड (एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या) घराला कडक थंडीतही बहुतेक वेळा 6 ते 8 किलोवॅट पुरतात आणि ऑक्टोबरात 2-3. या बॉयलरचं किमान आउटपुट जवळपास 7. म्हणजे सौम्य हवेत तो पेटतो, चार-पाच मिनिटांत पाणी ठरलेल्या तापमानाला पोचतं, विझतो, पुन्हा पेटतो. दिवसभर हेच. गॅस वाया जातो आणि पंखा, इग्निशन यांची झीज होते ती वेगळीच. हीटिंगचं कमाल आउटपुट इंजिनिअर मेनूमधून 10 वर आणून देतो, किमान मात्र कारखान्यातून येतं तेच. 3 किलोवॅटपर्यंत उतरणारे 30 चे बॉयलर बाजारात आहेत. ब्रोशरमध्ये हा आकडा मागच्या पानावर, बारीक अक्षरांत असतो. तो आधी बघा, वॉरंटीची वर्षं नंतर.

बसवणारे फ्लो टेम्परेचर (बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान) 70-75 वर ठेवून जातात, ते 55-60 वर आणा. परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच बॉयलर नीट कंडेन्स करतो, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरतो, आणि लेबलवरची कार्यक्षमता मिळते. रेडिएटर हाताला चटका देणार नाहीत, घर सावकाश तापेल, म्हणून हीटिंग थोडं आधी लावा.

गरम पाण्याबद्दल तक्रार नाही. 35 अंशांच्या वाढीला मिनिटाला सुमारे 12 लिटर, म्हणजे आंघोळीची 20 लिटरची बादली पावणेदोन मिनिटांत भरते. दोन शॉवर एकदम चालवायचे असतील तर मिनिटाला 8 अधिक 8 लिटरला 39 किलोवॅट लागतील. पण त्याआधी मेन्सचा (रस्त्यावरच्या मुख्य पाइपमधून थेट येणारा) थंड नळ पूर्ण सोडून 10 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. 60 लागत असतील तर मेन्सच मिनिटाला 10 लिटर देतंय, मोठ्या बॉयलरचे पैसे पाण्यात. शिवाय मीटरपासूनचा गॅस पाइप जुना 15 मिमीचा असेल तर बहुधा 22 चा टाकावा लागतो, कारण मीटर ते बॉयलर दाब 1 मिलिबारपेक्षा जास्त पडलेला चालत नाही. स्वस्त कोटेशनमध्ये हे काम हमखास गळतं.

प्रीहीट (नळ उघडताच गरम पाणी मिळावं म्हणून बॉयलर थोडं पाणी आधीच गरम ठेवतो ती सोय) कायम बंद ठेवावं, उगाच गॅस का जाळायचा, असं माझं आधीचं मत होतं. थंडीत ते बदललं. स्वयंपाकघरात भांड्यांसाठी नळ उघडला की गरम पाणी येईपर्यंत दरवेळी बरंच थंड पाणी वाहून जातं, आणि पाण्याला मीटर आहे. आता सकाळी सहा ते साडेआठ चालू, बाकी वेळ बंद.

लंडन आणि आग्नेय इंग्लंडात पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं आहे. नळाचं तापमान 48-50 वर ठेवा, 60 वर ठेवून वर थंड पाणी मिसळलंत तर प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये (नळाचं पाणी जिथे गरम होतं त्या भागात) क्षार लवकर बसतो. जुने रेडिएटर तसेच ठेवत असाल तर फ्लश (पाइप-रेडिएटर धुऊन काढणं), मॅग्नेटिक फिल्टर (गंजाचा गाळ पकडणारा) आणि इन्हिबिटर (गंज रोखणारं रसायन) हे तिन्ही कोटेशनमध्ये हवेत. काळा गाळ नव्या बॉयलरमध्ये गेला तर वॉरंटी नाकारतात. वर्षाची सर्व्हिस चुकली तरी तेच. गॅस सेफ (गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेल्या) इंजिनिअरने बेंचमार्क, म्हणजे बॉयलर बसवल्याची आणि सर्व्हिसची नोंद, पूर्ण केली की नाही, तो दारात असतानाच तपासा.