सोलापुरात कन्नड-तेलुगू शिकताय? मग शब्दकोश कोणता घ्याल?

अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरतं कन्नड हवंय, की बाराव्या शतकातले संतकवी सिद्धरामेश्वर यांची वचनं, म्हणजे त्यांच्या छोट्या कन्नड भक्तिरचना, मुळातून वाचायचीत? आधी हे ठरवा. दोन्ही कामांना एकच कोश पुरत नाही.

वचनांसाठी किटेलला पर्याय नाही, असं माझं मत. फर्डिनांड किटेल या जर्मन मिशनऱ्याचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली मंगळूरला छापला गेला. त्यात सुमारे ७०,००० शब्द आहेत, जुन्या ग्रंथांतले दाखले आहेत, शिवाय तमिळ-तेलुगूतले नात्यातले शब्दही दिलेत. बाराव्या शतकातला मजकूर वाचताना हे सगळं कामी येतं. स्कॅन केलेली प्रत इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळते. पण नवशिक्याने रोजच्या बोलण्यासाठी हा कोश उघडू नये. जुने आणि चालू शब्द एकाच रांगेत उभे असतात. आज बाजारात कोणता चालेल, हे नवख्याला उमगत नाही.

रोजच्यासाठी ‘अलर’ बरा. व्ही. कृष्ण यांनी अनेक दशकं एकट्याने जमवलेला हा कन्नड-इंग्रजी कोश २०१९ पासून इंटरनेटवर सर्वांना खुला आहे. दीड लाखाच्या आसपास शब्द, शोध झटपट. वाक्यात शब्द कसा बसतो, हे मात्र तिथे फारसं कळत नाही. अर्थ दोन्हीकडे इंग्रजीतच, त्यामुळे इंग्रजी कच्चं असेल तर दुहेरी कसरत.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे कानावर पडणारं कन्नड उत्तर कर्नाटकी वळणाचं असतं. कुणी ‘मन्याग’ म्हणालं, म्हणजे ‘घरात’, तर तो शब्द जसाच्या तसा कोशात शोधू नका. पुस्तकी रूप ‘मनेयल्लि’, तेही तिथे नसतं. असतो नुसता ‘मने’. प्रत्यय सोडवून मूळ शब्दापर्यंत जाता येत नसेल, तर सर्वात मोठा कोशही मुका. म्हणून पहिले काही महिने कोशासोबत एखादं प्राथमिक व्याकरण हवंच.

तेलुगूत हे त्रांगडं जास्त. ‘वस्तानु’ (येतो) ऐकलं तर चार्ल्स फिलिप ब्राउन या इंग्रज अधिकाऱ्याच्या कोशात ‘वच्चु’खाली जावं लागतं. ‘चूस्तानु’ (बघतो) सापडेल ‘चूचु’ला. ब्राउनचा तेलुगू-इंग्रजी कोश १८५२चा. १९०३ची सुधारित आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. उदाहरणं भरपूर देतो, त्यामुळे वाचायला किटेलपेक्षा रंजक. पण ब्राउनची नोकरी कडप्पा, मच्छलीपट्टणम, राजमहेंद्री अशा आंध्रातल्या गावांत, म्हणून कोशातलं तेलुगूही मुख्यतः तिकडचं. सोलापूरच्या पूर्व भागातलं पद्मशाली समाजाचं तेलुगू मुख्यतः तेलंगणातून आलेलं, त्यात मराठीची फोडणी. तिथे शेजारच्या आजीला विचारणं जास्त भरवशाचं.

गूगल ट्रान्सलेटला मी शब्दकोश मानत नाही. उच्चार ऐकायला उत्तम, पाटी किंवा पावती वाचायला सोयीचं. पण तुटक शब्द टाकला की एखादा अर्थ बिनधास्त समोर ठेवतं आणि दुसरी छटा बऱ्याचदा गाळतं.

राहिली ती ‘तीस दिवसांत कन्नड’ छापाची पुस्तकं, शब्द देवनागरीत दिलेली. भाजी, भाडं, नाती अशा विषयवार याद्या असतात. आठवडाभरात चार वाक्यं तोंडात बसतात. पण मराठी देवनागरीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’ वेगळे दाखवायची सोय नाही, कन्नडमध्ये त्यावरच अर्थ ठरतो. ऱ्हस्व ‘ओ’चा ‘कोडु’ म्हणजे ‘दे’, दीर्घाचा म्हणजे शिंग. पुस्तकात दोन्ही सारखेच दिसणार. तेव्हा लिपी शिकाच. वर्णमालेचा क्रम जवळपास आपलाच आहे, आणि कन्नड लिपी आली की तेलुगूचीही निम्मी येते.

दुकानदाराला, परिचारिकेला किंवा कन्नड घरात लग्न होऊन गेलेल्या मुलीला माझा सल्ला एकच: असलं एक स्वस्त पुस्तक, फोनवर अलर, आणि लिपीचा सराव. किटेलची छापील प्रत विकत घ्यायची घाई नको. वचनांची गोडी लागली, तर तेव्हा घ्या.