अण्णांचं मनाचं ॲप : सहा-सात महिने वापरल्यानंतर

ॲपच्या पुढच्या वर्गणीचे पैसे खात्यातून परस्पर कापले गेले आणि कस्टमर केअरशी माझी जुंपली, म्हणून लिहायला बसले. ज्येष्ठांच्या नैराश्यासाठीचं हे ॲप; त्यात प्रश्नावली, रोजचं एक काम आणि व्हिडिओ कॉलवर समुपदेशन असतं. नाशिकरोडच्या आमच्या घरात ते कसं चाललं, तेवढं सांगते.

अण्णा शहात्तर वर्षांचे, प्रेसमधून निवृत्त. आई गेल्यावर त्यांचं जेवण तुटलं, पेपरची घडीही मोडेना. डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२ तपासून नैराश्याची गोळी सुरू केली आणि जोडीला ॲप सुचवलं.

आधी ओटीपीबद्दल. ॲप दर थोड्या दिवसांनी आपोआप लॉगआउट होतं. मग नंबर टाका, मेसेजमध्ये जाऊन ओटीपी वाचा, परत या, तोवर वेळ संपलेली. अण्णांचा हात कापतो. दोन-तीनदा चुकलं की फोन पालथा ठेवून म्हणतात, "मला आता काही जमत नाही गं." मनात आधीच हे घोळत असलेल्या माणसाकडून पुन्हा तेच वदवून घ्यायचं? वृद्धांसाठी म्हणून विकता ना हे?

प्रश्नावलीही पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य किती आहे ते मोजणारी, २७ गुणांची. त्यात झोप, थकवा, भूक यांचे गुण गुडघेदुखीनेसुद्धा चढतात. खास ज्येष्ठांचं नैराश्य मोजायला जीडीएस-१५ ही पंधरा प्रश्नांची यादी असते. नुसतं हो-नाही, शरीराच्या तक्रारी वगळलेल्या. ती का नाही घेतली?

इथवर एकच स्टार देणार होते. पण 'रोजचं एक काम' या भागाने मत बदललं. मन लागायची वाट न बघता आधी काम करायचं, बरं वाटणं मागून येतं, अशी ती पद्धत. व्हिडिओ कॉलवरच्या समुपदेशक ताईंनी विचारल्यावर अण्णांनी मुक्तिधाम मंदिरापर्यंतची फेरी निवडली. सुरुवातीला सोसायटीच्या गेटवरूनच परत यायचे. मग एका संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन आले आणि भाव केवढा वाढलाय म्हणून भाजीवालीवर तणतणत राहिले. आई गेल्यापासून कशावर तरी चिडलेले मी पहिल्यांदा पाहिले. मला रडूच आलं.

ताई रजेवर होत्या तेव्हा मात्र अण्णांनी ॲप उघडलंसुद्धा नाही. "गेलात का फिरायला?" हे विचारणारं माणूस हवं. अभ्यासांमध्येही नुसत्या ॲपपेक्षा माणसाची साथ असलेले कार्यक्रम सरस ठरलेत. गोळी अर्थातच चालू आहे.

पैशांची ओढाताण असेल तर आधी १४४१६ लावा. मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी सरकारची टेली मानस सेवा २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात आणि ओटीपी लागत नाही.

रिफंडची तक्रार अजून लटकलेली आहे. तूर्त तीन स्टार. एकदा केलेलं लॉगइन टिकू द्या, चौथा आनंदाने देईन.