भारताचा हॉकी संघ ओळखायचा, तर कुठली यादी हाताशी धरायची?

चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर सामने बघायला जमणारे आम्ही दहा-बारा जण बरीच वर्षं एक खेळ खेळतो. मोठ्या स्पर्धेसाठी भारताचा संघ जाहीर व्हायच्या आधी प्रत्येकाने आपली यादी कागदावर लिहून द्यायची. जेवढी नावं जुळली तेवढे गुण. पैसे लावायचे नाहीत, सगळ्यात कमी गुणवाल्याने वडापाव आणि चहा द्यायचा. गटात नव्याने आलेल्या एका मुलाने परवा विचारलं, "दादा, मागच्या ऑलिंपिकचा संघ बघून भरू, की कोणी किती गोल केले ते बघून?" त्याला पायऱ्यांवर बसून जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण या दोन्हींपेक्षा बरी अशी तिसरी वाट आहे.

पारखायला पॅरिस 2024 चा संघ घेऊ. ऑलिंपिकला हॉकीचा संघ फक्त 16 जणांचा असतो. हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या आइस हॉकीला 25 जण नेता येतात, त्यात तीन गोलरक्षक. 25 मध्ये एखादं नाव हौसेखातर टाकलं तरी निभावतं. 16 मध्ये प्रत्येक नाव दुसऱ्या कोणाला तरी बाहेर काढूनच आत येतं. पॅरिसला एकच गोलरक्षक होता, श्रीजेश. बाकी पाच बचावपटू, पाच मधल्या फळीतले, पाच आघाडीचे.

पहिली वाट म्हणजे मागच्या ऑलिंपिकची यादी उतरवून काढणं. टोकियोच्या 16 जणांपैकी पॅरिसला 11 जण होते. म्हणजे काहीही डोकं न चालवता 11 गुण, आणि हे कमी नाहीत. हरमनप्रीत, मनप्रीत, हार्दिक, श्रीजेश, मनदीप ही नावं कोणीही लिहिली असती. पण उरलेले पाच गुण याच वाटेने कधीच मिळत नाहीत. रूपिंदरपाल सिंग आणि बिरेंद्र लाक्रा सप्टेंबर 2021 मध्ये एकाच दिवशी निवृत्त झाले. पुढे 2023 च्या विश्वचषकानंतर प्रशिक्षक ग्रॅहम रीड गेले आणि क्रेग फुल्टन आले. नवा प्रशिक्षक आला की संघ कसा उभा करायचा याचं गणितच बदलतं. टोकियोत मधल्या फळीत धरलेला सुमित पॅरिसच्या यादीत बचावपटू म्हणून आला. जुनी यादी नाव सांगते, माणूस आता कुठे खेळतो ते सांगत नाही.

दुसरी वाट आकड्यांची, आणि 2024 साली मी तिच्यावरच गेलो. गोल करणारे हवेत म्हणून जुगराज आणि वरुण कुमार हे दोघेही फ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर स्टिकने चेंडू उचलून गोलात फेकणारे, मी बचावात लिहिले. जर्मनप्रीत आणि सुमितच्या नावापुढे फारसे गोल नव्हते, म्हणून त्यांना काढलं. दोन्हीकडे चुकलो. जर्मनप्रीत आणि सुमित पॅरिसला गेले, जुगराज राखीव राहिला, वरुण तेवढ्यातही नव्हता.

चूक कुठे झाली ते मला नंतर याच मैदानावर नीट कळलं. एका स्थानिक सामन्यात मी गोलच्या मागे जाळीला टेकून उभा होतो. पेनल्टी कॉर्नर लागला, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल समोरच्यांना गोलची थेट संधी मिळाली. बचाव करणाऱ्या संघातल्या एका पोराने तोंडाला मास्क चढवला, पट्टा दोनदा ओढून बघितला, हातमोजे घातले, गुडघ्याचे पॅड वर सरकवले आणि गोलरेषेवर पुढचा पाय टाकून उभा राहिला. चेंडू आत आला तसा तो सरळ फ्लिकरच्या अंगावर धावत सुटला. चेंडू त्याच्या पॅडवर बसला तो आवाज आम्हाला मागे ऐकू आला. हा पहिला रशर. या कामाचा आकडा कुठल्याही तक्त्यात येत नाही, पण प्रशिक्षक संघ निवडताना आधी याचा विचार करतो. भारतासाठी हे काम अमित रोहिदास करतो. पॅरिसला उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं, जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याला बसावं लागलं, आणि भारत 2-3 ने हरला. त्या पराभवाचं कारण एवढंच होतं असं मी म्हणणार नाही, पण त्याची जागा भरणारा दुसरा कोणी त्या 15 जणांत नव्हता असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

शिवाय हरमनप्रीत संघात असताना पहिला फ्लिक तोच मारणार. पॅरिसला त्याने दहा गोल केले. रोहिदास आणि संजयही फ्लिक मारतात. मग फक्त फ्लिकसाठी आणखी एक जागा 16 मध्ये कशी द्यायची? आकडे खोटं बोलत नाहीत, पण एका कामाला किती माणसं लागतात ते आकड्यांना विचारता येत नाही.

तिसरी वाट अशी: ऑलिंपिकच्या आधीची शेवटची मोठी स्पर्धा शोधायची, याच प्रशिक्षकाने निवडलेल्या संघाची, आणि ती यादी पायाला धरायची. पॅरिसच्या आधी हांगझोची आशियाई स्पर्धा होती, 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. भारताने सुवर्ण जिंकलं आणि पॅरिसचं तिकीटही तिथेच मिळालं. त्या 18 जणांपैकी 15 जण पॅरिसच्या 16 मध्ये होते. पंधरा! फक्त राजकुमार पाल नवा. दुसरा गोलरक्षक कृष्ण बहादूर पाठक, वरुण आणि नीलकांत शर्मा एवढेच तिघे गळाले. ही यादी ज्याच्या हातात होती त्याला फक्त मधल्या फळीतलं एक नाव ओळखायचं होतं.

मग ही वाट डोळे मिटून धरावी का? नाही. मोठी माणसं निवृत्त झाली की तीही लंगडते. पॅरिसच्या 16 जणांपैकी बिहारमधल्या राजगीरच्या आशिया चषकात, ऑगस्ट-सप्टेंबर 2025 मध्ये, 12 जणच होते. श्रीजेश पॅरिसनंतर थांबला, ललित उपाध्याय जून 2025 मध्ये निवृत्त झाला, शमशेर आणि गुरजंत त्या संघात नव्हते. तिथे आघाडीत शिलानंद लाक्रा आणि दिलप्रीत आले, आणि अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध दिलप्रीतने दोन गोल केले. अशा वेळी रिकामी झालेली जागा आधी लिहायची, मग तिथे खेळणारा माणूस. "ललितच्या जागी कोण" असा प्रश्न विचारला की उत्तर सापडतं. "सध्या कोण चांगलं खेळतंय" असा विचारला की वीस नावं समोर येतात.

मुंबईकरांना एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण मलाही ती जड जाते. रिओला 2016 मध्ये मुंबईचा देवेंदर वाल्मीकी होता. पॅरिसच्या 16 मध्ये महाराष्ट्राचा एकही नव्हता. राजगीरला मुंबईचा सूरज करकेरा दुसरा गोलरक्षक म्हणून गेला तेव्हा आमच्या गटात खरोखर आनंद झाला. पण त्या मुलाला मी हेच सांगितलं: यादी 18 ची असेल आणि मागच्या स्पर्धेत दोघं गोलरक्षक असतील तर सूरजचं नाव बिनधास्त लिही. 16 ची असेल तर गोलरक्षकाची एकच जागा आहे, ती ज्याच्याकडे पहिला हातमोजा आहे त्याची.

आमच्या खेळात राखीव नावांना अर्धा गुण असतो. टोकियोला कोविडमुळे राखीव खेळाडूंनाही खेळता येत होतं. पहिल्या 16 मध्ये नसलेल्या सिमरनजीतने कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध दोन गोल केले आणि भारत 5-4 ने जिंकला. तेव्हापासून आम्ही ही जागा सोडत नाही. इथेही तिसरीच वाट कामाला येते, 18 चे 16 करताना जी नावं खाली राहतात ती राखीवांत लिहायची. पॅरिसचे तीन राखीव होते पाठक, नीलकांत आणि जुगराज. त्यातले पहिले दोघे हांगझोच्या यादीतच होते.