वनप्लस वॉच २ : दोन चिप्सचं घड्याळ

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगतो. अँड्रॉइड फोन आहे, खरंखुरं वेअर ओएसवालं (गुगलची घड्याळांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) घड्याळ हवंय आणि रोज रात्री चार्जिंगला लावायचा कंटाळा आहे, तर वनप्लस वॉच २ बिनधास्त घ्या. मनगट बारीक असेल तर घेऊ नका. आता बाकीचं त्यांच्यासाठी ज्यांना आत काय चाललंय ते वाचायची हौस आहे, कारण बाहेरून हे चार गोल घड्याळांसारखंच एक गोल घड्याळ आहे, खरी मजा आत आहे.

कागदावरचं उरकून टाकू. फेब्रुवारी २०२४ मध्ये बार्सिलोनाला लाँच झालं, इकडे किंमत २४,९९९ लावली होती, सेलमध्ये त्याच्या बरंच खाली येतं. १.४३ इंची अमोलेड, स्टीलची बॉडी, वर सफायर काच, २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज आणि ५०० एमएएचची बॅटरी. कंपनीचा दावा १०० तासांचा, आणि तोही स्मार्ट मोडमध्ये, म्हणजे वेअर ओएस चालू असताना. शंभर म्हटलं की जाहिरातच वाटते, म्हणून जरा भागाकार करून बघा, ५०० भागिले १०० म्हणजे सरासरी ५ मिलिअँपिअर. त्या पाचात स्क्रीन आली, ब्लूटूथ आलं, हार्टरेट मोजणारे ते हिरवे एलईडी आले आणि प्रोसेसरही आला. आता हेच गणित सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉच ७ ला लावा, ४४ एमएमवाल्यात ४२५ एमएएच बॅटरी आणि दावा ४० तासांचा, ऑलवेज ऑन (स्क्रीन सतत पेटती ठेवायची सोय) बंद ठेवून. साडेदहाच्या वर जातं, म्हणजे दुपटीहून जास्त. आणि गंमत बघा, सॅमसंगमधली एक्सिनोस डब्ल्यू१००० ही चिप २०२४ ची, ३ नॅनोमीटर प्रोसेसवर (चिप बनवायची पद्धत, आकडा लहान तितके आतले ट्रान्झिस्टर, म्हणजे बारीक स्विच, लहान) बनलेली, तर वनप्लसमधली स्नॅपड्रॅगन डब्ल्यू५ जेन १ ही २०२२ ची आणि ४ नॅनोमीटरची. नॅनोमीटर कमी तर बॅटरी जास्त एवढं सरळ प्रकरण असतं तर उलटं व्हायला हवं होतं ना!

म्हणजे नॅनोमीटर सगळं थोतांड आहे असं नाही हं. उलट वेअर ओएसची पाच-सहा वर्षं वाया गेली ती याच पायी. क्वालकॉम या चिप कंपनीची स्नॅपड्रॅगन वेअर २१०० ही घड्याळाची चिप आली २०१६ मध्ये, २८ नॅनोमीटरवर, चार कॉर्टेक्स ए७ कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे भाग. मग २०१८ मध्ये वेअर ३१०० आली, ती पण २८ वरच आणि कोअर पण तेच ए७, आणि त्याच वर्षी महागडे फोन १० आणि ७ नॅनोमीटरवर पोचले होते. घड्याळं विकली जातात किती, त्यासाठी नव्या प्रोसेसचा खर्च कोण करणार, असा सरळ धंद्याचा हिशोब. त्या काळातलं एक घड्याळ माझ्याकडे होतं, कंपनीचं नाव जाऊ दे, ऑफिसातून घरी पोचेपर्यंत मान टाकायचं आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मनगटावर नुसतं कडं.

२०२० ला वेअर ४१०० आली १२ नॅनोमीटरवर आणि २०२२ ला डब्ल्यू५ थेट ४ वर. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे दोन्हीत कोअर तेच आहेत, चार कॉर्टेक्स ए५३, आणि हे डिझाइन आर्म या चिपची डिझाइन्स विकणाऱ्या कंपनीने जाहीर केलं होतं २०१२ मध्ये! म्हणजे नकाशा दहा वर्षं जुना, फक्त फॅक्टरी नवी. त्यामुळे नुसत्या प्रोसेसने किती फरक पडतो हे बघायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण शोधून सापडायचं नाही, आणि क्वालकॉमने स्वतः सांगितलेला आकडा म्हणजे आधीच्या पिढीपेक्षा निम्मी पॉवर. सगळंच श्रेय प्रोसेसला नाही, बाकीही बदल होते, पण मोठा वाटा त्याचाच.

का होतं असं, तर दोन कारणं. ट्रान्झिस्टर लहान आणि चांगला झाला की तो कमी व्होल्टेजवर चालतो, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, त्यामुळे व्होल्टेज थोडं उतरलं तरी पॉवर बरीच उतरते. दुसरं कारण घड्याळासाठी जास्त महत्त्वाचं, ते म्हणजे लीकेज. फोन आपण तासन्‌तास चोळत बसतो, घड्याळाकडे आपण दोन सेकंद बघतो आणि हात खाली. मधला सगळा वेळ प्रोसेसर झोपलेला असतो, आणि झोपेत सुद्धा ट्रान्झिस्टरमधून थोडा थोडा करंट झिरपत असतो. २८ नॅनोमीटरचे ट्रान्झिस्टर सपाट होते, गेटची, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या भागाची, पकड एकाच बाजूने. १२ ला आणि पुढे फिनफेट आले, गेट तीन बाजूंनी धरतं, झिरपणं कमी. सॅमसंगची ३ नॅनोमीटरवाली प्रोसेस तर चारही बाजूंनी धरते.

मग एवढी भारी चिप असून सॅमसंग वनप्लसच्या मागे का? कारण तिथे डब्ल्यू१००० ला एकटीलाच बरंच काही ओढावं लागतं, आणि त्यात एक मोठा कॉर्टेक्स ए७८ पण बसवलाय, म्हणजे प्रोसेसमधून वाचलेलं बरंच काही वेगावर खर्च केलं. चूक नाही ती, ते घड्याळ पळतं पण तसंच. ॲपलचं बघा ना, २०१५ च्या पहिल्या घड्याळापासून सिरीज १० पर्यंत दावा तोच, १८ तास. मधे चिप्स किती बदलल्या! जे वाचलं ते ऑलवेज ऑन स्क्रीनवर, ब्राइटनेसवर, सेन्सरवर घातलं, आणि सिरीज ११ ला कुठे २४ तास म्हणाले. गुगलचं पिक्सेल वॉच पण तसंच, पहिल्यात २०१८ ची १० नॅनोमीटरची एक्सिनोस ९११० आणि २९४ एमएएच, दुसऱ्यात डब्ल्यू५ आणि ३०६ एमएएच. बॅटरी जवळपास तीच, दावा पण दोन्हीकडे २४ तासच, फक्त दुसऱ्यात ऑलवेज ऑन चालू ठेवून २४. म्हणजे नवीन प्रोसेसची कमाई स्क्रीनने खाल्ली.

वनप्लसने काय केलं, तर डब्ल्यू५ च्या शेजारी बीईएस २७०० नावाची दुसरी चिप बसवली. ही बेस्टेक्निक या शांघायच्या कंपनीची, जिच्या चिप्स वायरलेस इअरबड्समध्ये असतात. तिच्यावर वेगळी छोटी आरटीओएस (मोजकीच कामं करणारी हलकी ऑपरेटिंग सिस्टिम) चालते. पावलं मोजणं, हार्टरेट, झोप, फोनवरून आलेलं नोटिफिकेशन दाखवणं, हे सगळं ती बघते, आणि वेअर ओएसवाली मोठी चिप तेवढा वेळ झोपते. सोसायटीच्या गेटवर रात्रभर वॉचमन बसतो, सेक्रेटरीला उठवायचं ते काही विशेष घडलं तरच, तसं. वापरताना हा बदल कळतच नाही हे मला जास्त आवडलं. मेसेज आला, वाचला, सरकवला, यात मोठी चिप जागी होत नाही, ही सोय गुगलनेच वेअर ओएसमध्ये करून दिलीय. मॅप्स उघडला की मग ती उठते.

आणि ही जी सतत जागी राहणारी लहान चिप असते ना, तिला अगदी नव्यातली नवी प्रोसेस लागते असंही नाही. क्वालकॉमच्याच डब्ल्यू५ प्लसमध्ये मुख्य चिप ४ नॅनोमीटरची आणि सोबतची लहान चिप २२ ची आहे. काम थोडं, वेग थोडा, मग महागाची प्रोसेस कशाला. म्हणून गुजरातेत धोलेराला टाटांची जी फॅब, म्हणजे चिप बनवायची फॅक्टरी, उभी राहतेय, तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीबरोबर, २८ ते ११० नॅनोमीटरची, तिला हसणारे लोक बघितले की मला हसू येतं. घड्याळाची मुख्य चिप तिथे होणार नाही हे खरंय, पण मायक्रोकंट्रोलर, डिस्प्ले ड्रायव्हर, पॉवर मॅनेजमेंट हे सगळं अशाच प्रोसेसवर बनतं आणि घड्याळात ते पण लागतंच की.

वापराचं सांगतो. ऑलवेज ऑन बंद, हार्टरेट आणि झोप चालू, नोटिफिकेशनचा भडिमार नेहमीचा, आणि कधीमधी सिंहगड नाहीतर पर्वतीला जीपीएस लावून, एवढ्यात आठवड्यातून दोनदा चार्जिंग मला पुरतं. जीपीएस ड्युअल फ्रिक्वेन्सी आहे, झाडीतसुद्धा रेष फार भरकटत नाही, पण ते लावलं की बॅटरी डोळ्यादेखत उतरते, तिथे कुठल्याच नॅनोमीटरची मात्रा चालत नाही. ऑलवेज ऑन लावलं तर हिशोबच वेगळा. चार्जिंग ७.५ वॅटचं आहे, कंपनी तासाभरात फुल्ल म्हणते, अंघोळ-नाश्ता होईस्तोवर माझं काम भागतं. पॉवर सेव्हर मोडमध्ये डब्ल्यू५ ला पूर्ण सुट्टी देऊन नुसती लहान चिप चालते आणि दावा १२ दिवसांचा आहे, पण मग ते साधं फिटनेस बँड होतं. गावी जाताना चार्जर विसरला तर ठीक.

ऑफिसात एकाने विचारलंच, माझं दीड हजाराचं घड्याळ आठवडा जातं, तुझं एवढं महागाचं असून आठवड्यात दोनदा कसं? अरे बाबा, तुझ्यात फक्त वॉचमनच आहे, सेक्रेटरी नाहीच! ॲप टाकता येत नाही, मॅप नाही, आणि घरच्या ग्रुपवर मराठीत काही आलं की चौकोन नाहीतर फुटलेली जोडाक्षरं. ते चालत असेल तर खरंच दीड हजारवालं घे, पैसे वाचव, यात मी तिरकस बोलत नाहीये.

न आवडलेलं पण आहे. वरचं गोल बटण फिरतं पण फिरवून काहीच होत नाही, स्क्रोलसुद्धा नाही, मग फिरतं कशाला? साइज एकच, ४७ एमएम, पट्ट्यासकट ८० ग्रॅम, बायकोने घालून बघितलं आणि न बोलता परत दिलं. एलटीई (घड्याळाचं स्वतःचं मोबाइल कनेक्शन) नाही, ईसीजी नाही, आयफोनला चालत नाही.

यापेक्षा नंतर आलेलं वॉच ३ घ्यावं का, असं विचारणाऱ्यांनी परत तो भागाकार करा. त्यात बॅटरी ६३१ एमएएच आणि दावा १२० तास, म्हणजे ५.२५ च्या आसपास, सरासरी ओढ जवळजवळ तेवढीच. कारण मुख्य चिप तीच डब्ल्यू५, लहान चिप तेवढी बीईएस २८०० झाली. वाढलेले तास बॅटरीने दिलेत, चिपने नाही. (त्याच्या सुरुवातीच्या काही घड्याळांवर मागे ‘मेड’च्या जागी ‘मेडा इन चायना’ छापलं गेलं होतं, ते असलं तर जपून ठेवा.) बटण फिरवून स्क्रोल करायची हौस असेल तर वॉच ३ बघा, तिथे ते चालतं. नाहीतर वॉच २आर बघा, तीच दोन चिप्सची जोडी, तीच ५०० एमएएच, तोच १०० तासांचा दावा, फक्त स्टीलच्या जागी अल्युमिनिअम आणि सफायर नाही, वजनाला हलकं आणि लाँचची किंमत १७,९९९. काच जपून वापरायची सवय असेल तर माझं मत २आरला.