११-३४ कॅसेट: केळघर घाट, तापोळा आणि वाचलेला गुडघा

वर्ष होत आलं मी सायकलला ११-३४ कॅसेट टाकून. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, ११-३४ म्हणजे सगळ्यात छोट्या चकतीला ११ दात, सगळ्यात मोठीला ३४; मागची चकती जितकी मोठी तितका गिअर हलका. शिमानोची एचजी-५००, दहा स्पीड म्हणजे दहा चकत्यांची. साताऱ्याच्या आजूबाजूचे सगळे घाट तिच्यावर किमान दोनदा चढून झालेत, काही तर पाच-सहा वेळा, म्हणून आता लिहितोय. नवीन पार्ट टाकल्यावर आठ दिवस सगळंच भारी वाटतं, त्या भरात लिहिण्यात अर्थ नव्हता.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. वय ४७, वजन ७९ किलो, सायकल साधी अ‍ॅल्युमिनियमची रोडबाईक, शिमानोचा टियाग्रा ४७०० ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा अख्खा संच), पुढच्या चकत्या म्हणजे चेनरिंग कॉम्पॅक्ट, ५० आणि ३४ दातांच्या, टायर २८ एमएमचे. मागे १२-२८ होती आणि मी तिच्यावर चार वर्षं काढली. सपाटीला काही म्हणजे काही तक्रार नव्हती. पण पसरणी चढताना, वाईतून निघून पाचगणी यायच्या आधी, उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला सुरुवात व्हायची आणि मग तीन दिवस जिना उतरताना ते आठवण करून द्यायचं. डॉक्टरांनी व्यायाम दिले, सीटची उंची बदलून झाली, बुटाखालचे, पेडलला अडकणारे क्लीट सरकवून झाले. खरं कारण समोर दिसत होतं, मी खूप जड गिअर ढकलत होतो आणि ते मान्य करत नव्हतो.

कारण आपल्याकडे रोडबाईकवाल्यांमध्ये एक समज फार घट्ट बसलाय की घाट दमावर चढायचा असतो, दातांवर नाही. मागे ३४ म्हटलं की लोक विचारतात, माउंटन बाईक आहे का ही. मीसुद्धा हेच बोलायचो, नव्या पोरांना बोललोय, आणि त्याचं आज मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातली दोघंतिघं घाटाला यायचीच बंद झाली.

आता हिशोब बघा, एकदाच करतो. ७००x२८ च्या टायरचा परीघ साधारण २.१३६ मीटर. पुढे ३४ मागे २८ असताना पेडलच्या एका फेरीत सायकल २.५९ मीटर पुढे जाते, पुढे ३४ मागे ३४ असेल तर सरळ चाकाची एक फेरी, २.१४ मीटर. घाटात ताशी ८ च्या स्पीडने चढत असाल तर २८ वर कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, येतो ५१ आणि ३४ वर ६२. जरा खडा टप्पा आला, स्पीड साडेसहावर आला की २८ वर ४२, ३४ वर ५१. ४२ म्हणजे प्रत्येक पेडलला अख्खं अंग टाकून दाबायचं. स्पीड तोच, घाम तोच, फक्त एका दाबाला लागणारा जोर जवळपास १८ टक्क्यांनी कमी होतो. हे १८ टक्के गुडघ्याला कळतात, फार स्पष्ट कळतात.

पण कॅसेट टाकताना जे झालं ते आधी सांगायला हवं, कारण तुमच्याही बाबतीत होऊ शकतं. एका दुकानात गेलो (नाव लिहीत नाही), तिथल्या माणसाने जुनी कॅसेट काढली, नवी बसवली, स्टँडवर चार वेळा चाक फिरवलं, म्हणाला बसतंय सर, काही बदलायला नको. माझा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, छोट्या केजचा होता (केज म्हणजे त्याचा खाली लोंबणारा, चेन ताणून धरणारा हात). टियाग्रा ४७०० मध्ये छोट्या केजचा डिरेलर जास्तीत जास्त २८ दातांपर्यंतचा, ३४ साठी लांब केजचा म्हणजे जीएस लागतो, आणि चेनही लांब लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि त्याने सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी मेढ्याच्या अलीकडे चढ लागला, पुढे चेन मोठ्या चेनरिंगवरच राहिलीय हे लक्षात न येता मी मागे एकेक करत शेवटपर्यंत टाकत गेलो आणि चेन इतकी ताणली गेली की डिरेलर पुढच्या बाजूला सरळ ओढला गेला, कट्ट असा आवाज झाला आणि मागचं चाक जाम. डिरेलर ज्याच्यावर फ्रेमला बसतो तो हँगर वाकला. नशीब की चढ होता, स्पीड नव्हता, उतारावर असतो तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो. एका टेम्पोवाल्या दादांनी साताऱ्यापर्यंत सोडलं, पैसे पण घेतले नाहीत.

मग दुसऱ्या मेकॅनिककडे सगळं रीतसर केलं. जीएस डिरेलर, नवा हँगर, नवी चेन. त्याने चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या दातांवरून फिरवून मोजली, मग तोडली, आणि शेवटी बी-स्क्रू (डिरेलर आणि कॅसेटमधलं अंतर ठरवणारा) फिरवून वरची जॉकी व्हील, म्हणजे डिरेलरचं छोटं चाक, ३४ च्या दातांना घासत नाही ना ते मला खाली वाकून बघायला लावलं. अर्धा तास लागला त्याला. असा माणूस मिळाला की सोडू नका.

आता मुख्य गोष्ट, घाट. ज्या राइडसाठी हा सगळा खटाटोप केला ती दोन दिवसांची: सातारा, मेढा, केळघर घाटाने महाबळेश्वर, तिथून खाली तापोळा, मुक्काम, सकाळी लाँचने बामणोली, आणि कासवरून परत सातारा. माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात सुंदर राइड हीच, कारण दोन नद्यांची दोन खोरी आणि दोन धरणांचं पाणी एकाच फेरीत मिळतं. आधी कण्हेर, ते वेण्णेवरचं. सकाळी सहा-सव्वासहाला मेढ्याच्या रस्त्याला लागलं की धरणाच्या पाण्यावर धुकं बसलेलं असतं आणि रस्त्याला वाहन जवळजवळ नाही. मेढा, मग केळघर, वेण्णेच्याच खोऱ्यातून वर वर जायचं, आणि केळघर सोडलं की खरा घाट.

या घाटात पहिल्यांदा ३४ टाकली तो क्षण मला नीट आठवतो. डावीकडे लाल मातीची कड, करवंदाच्या जाळ्या, समोर एक वळण ज्याच्या पुढे रस्ता एकदम उठल्यासारखा दिसतो. मी ३० वर होतो, पाय जड व्हायला लागले होते, जुन्या सवयीने आता उभं राहून ढकलायचं असं मनात आलं आणि मग लक्षात आलं की अजून एक आहे. लिव्हर आत दाबला. चेन अर्धा सेकंद घुटमळली, मागे खर्र असं झालं, खटकन वर चढली आणि पाय एकदम मोकळे झाले. खाली वाकून पाहिलं तर डिरेलरचा लांब केज पुढे ताणलेला, चेन त्या मोठ्या चकतीवर शांतपणे फिरतेय. वळण बसल्या बसल्या पार केलं. श्वास चालू होता पण हातात होता. वरून उतरणाऱ्या एसटीने हॉर्न दिला, तिला हात करायलाही हात मोकळा होता. घाट संपेपर्यंत एकदाही पाय टेकला नाही, आणि महाबळेश्वरला चहा पिताना गुडघ्यावर हात ठेवून वाट बघत बसलो, दुखलाच नाही.

तापोळ्याचा उतार पंचवीसेक किलोमीटरचा, तिथे कॅसेटचा काही संबंध नाही, ब्रेक पॅड चांगले असू द्या आणि वळणावर गुरं असतात एवढंच. खाली शिवसागर जलाशय, कोयना धरणाचं पाणी, डोंगरांच्या मधल्या प्रत्येक फटीत शिरलेलं. संध्याकाळी पाण्याच्या कडेला पिठलं-भाकरी खाल्ली. सकाळी लाँचमध्ये सायकल ठेवताना नाखवा काकांना सांगितलं की डिरेलरच्या बाजूने टेकवू नका, तर त्यांनी आपणहून एक गोणपाट आणून खाली घातलं आणि दोरीने कठड्याला बांधून दिली.

बामणोलीतून कासचा चढ हीच या कॅसेटची खरी परीक्षा. आदल्या दिवशीचे पाय, सकाळपासूनच ऊन, आणि पाण्यापासून पठारापर्यंत पाचशे मीटरच्या वर चढ. जुन्या १२-२८ वर मी इथे दोन वर्षांपूर्वी सायकल हातात धरून चाललो होतो. या वेळी ३० आणि ३४ या दोनच गिअरवर अख्खा चढ काढला, हळू काढला, पण वरती पोचलो तेव्हा अंगात यवतेश्वरचा उतार नीट हाताळण्याइतकं त्राण शिल्लक होतं, आणि दमलेल्या माणसाने घाट उतरणं किती धोक्याचं असतं हे वेगळं सांगायला नको. (फुलांच्या सीझनमध्ये, ऑगस्ट-सप्टेंबरला, शनिवार-रविवारी या रस्त्याला जाऊ नका, गाड्यांची रांग असते.)

तोटा आहे, आणि तो सपाटीला जाणवतो. ११-३४ मध्ये दात असे येतात: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २६, ३०, ३४. माझ्या जुन्या १२-२८ मध्ये १२ पासून १५ पर्यंत सगळे सलग होते. आता १४ नाही. ताशी ३० ने ग्रुपमध्ये जाताना मोठ्या चेनरिंगवर १५ टाकला तर कॅडन्स ७०, १३ टाकला तर ६१, मधला ६६ वाला गिअरच गेला. कण्हेरच्या कडेने समोरून वारा असला की हे फार खटकतं, एक हलका वाटतो, दुसरा जड, आणि मी उगाच वर-खाली करत बसतो. २३ वरून २६ आणि मग ३० या उड्या मात्र चढावर त्रास देत नाहीत, तिथे मोठी उडीच हवी असते. तुम्ही मुख्यतः सपाट रस्त्याला वेगाने चालवत असाल, घाट वर्षातून एकदा, तर ही कॅसेट घेऊ नका, खरंच नको. पण साताऱ्या-वाई-भोरकडे राहत असाल, घराबाहेर पडलं की डोंगर असेल, तर कार्बनच्या चाकांवर पैसे घालायच्या आधी हे करा. डिरेलर, चेन, मजुरी सगळं धरूनही खर्च त्याच्या आसपाससुद्धा जात नाही.

पावसाळ्यात लाल माती या मोठ्या चकत्यांमध्ये भरते, राइडवरून आल्यावर ब्रशने काढावीच लागते, नाहीतर ३४ वर चढताना चेन करकरते. तेवढं सोडलं तर वर्षभरात शिफ्टिंग जसंच्या तसं आहे, एकदा केबल जरा ताणून घेतली, बस.

दुकानात गेलात की कॅसेटची किंमत विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा: माझा डिरेलर छोट्या केजचा की लांब, आणि चेन नवी लागेल का. बघून उत्तर दिलं तर काम द्या, न बघता ‘बसतंय’ म्हणाले तर सायकल घेऊन बाहेर या.

सध्या बायकोच्या सायकलचं काम काढलंय. तिचा ग्रुपसेट शिमानोचाच सोरा, नऊ स्पीडचा, त्यातही ११-३४ मिळते, आणि तिचा डिरेलर आधीपासूनच लांब केजचा निघाला. रविवारी बसवून होईल, पुढच्या रविवारी केळघर.