क्लँग-टायडी: नवशिक्यांच्या सी प्रोग्रॅमसाठी कितपत कामाचं?

क्लँग-टायडी हे सी कोड न चालवता तपासून चुकांचे आणि शैलीचे इशारे देणारं साधन. फुकट मिळतं आणि काम चोख करतं, पण आहे तसं वर्गात आणू नका. डीफॉल्टमध्ये शैलीच्या तपासण्या बंदच असतात. फोल्डरमध्ये डॉट-क्लँग-टायडी फाइल ठेवून 'रीडेबिलिटी' (वाचनीयता) गटातल्या हव्या त्या तपासण्या निवडाव्या लागतात. कमांडच्या शेवटी दोन डॅश आणि -एसटीडी=सी११ (सी भाषेची आवृत्ती) द्यायला विसरलात, तर कंपायलेशन डेटाबेस (कोणती फाइल कशी कंपाइल करायची याची यादी) सापडत नाही अशी तक्रार येते आणि मुलं तिथेच गांगरतात.

पूर्ण गट मात्र चालू करू नका. 'आयडेंटिफायर-लेंग्थ' तीन अक्षरांहून लहान नाव चालवून घेत नाही. लूपमधल्या आय, जे, के यांना सूट आहे, पण संख्येसाठीचं साधं एन हे व्हेरिएबल अडकतं (फंक्शनच्या पॅरामीटरला मात्र ते नाव चालतं). मग पोरं त्याचं एनएनएन करतात आणि इशारा गायब! कोडमध्ये नाव न देता थेट लिहिलेले आकडे शोधणारं 'मॅजिक-नंबर्स' ० ते ४ सोडतं, तापमानाच्या सूत्रातल्या ३२ वर बोट ठेवतं, हे योग्यच. 'फंक्शन-साइझ'ची मूळ मर्यादा ८०० स्टेटमेंट्सची, म्हणजे नवशिक्यांसाठी असून नसल्यासारखी. 'लाइन-थ्रेशोल्ड' (फंक्शनच्या ओळींची मर्यादा) ४० करा.

खरी किंमत वसूल होते ती 'बगप्रोन' (चुका होण्याजोग्या जागा पकडणाऱ्या) गटात: इफच्या कंसानंतर चुकून पडलेला अर्धविराम, किंवा अटीत दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह. दोन्ही कंपाइल होतात आणि उत्तर मुकाट चुकवतात.

इंडेंटेशन क्लँग-फॉरमॅटवर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन) सोडा. कॉमेंट अर्थपूर्ण आहे का, हे दोघांनाही कळत नाही. ते गुण शिक्षकांनीच द्यायचे.