मोठं स्टेडियम की भरलेलं स्टेडियम? अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधला जागांचा हिशेब

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या संघाला घरच्या मैदानावर हंगामात सहा ते आठच सामने मिळतात. म्हणून जागा वाढवायच्या की घटवायच्या हे ठरवताना सर्वांत मोठ्या सामन्याची गर्दी पाहणारं विद्यापीठ हमखास फसतं. पाहायचा तो नोव्हेंबरच्या थंडीतला, दुबळ्या संघाविरुद्धचा, घरबसल्या टीव्हीवर दिसणारा सामना.

समजा, १० हजार जागा वाढवायला ५ कोटी डॉलर लागले. ५ टक्के व्याजाने ३० वर्षांचं कर्ज काढलं, तर वर्षाला साधारण ३२.५ लाख डॉलर फेडावे लागतात. तिकीट ६० डॉलरचं धरलं, तर या जागा पूर्ण भरल्यावर एका सामन्याचे ६ लाख येतात. म्हणजे सातपैकी सहा सामन्यांना त्या भरल्या तरच हप्ता सुटतो. सफाई, सुरक्षा, देखभाल यांचा खर्च वेगळाच. दोनच सामन्यांना भरल्या, तर दरवर्षी २० लाखांची तूट.

याहून मोठा तोटा सीझन तिकिटात होतो. जागा मिळणार नाही या धास्तीने लोक पूर्ण हंगामाचे पैसे आधी भरतात, शिवाय चांगल्या जागेच्या हक्कासाठी देणगीही देतात. वर रिकाम्या रांगा दिसू लागल्या की तोच प्रेक्षक आवडीच्या दोन सामन्यांची तिकिटं ऐन वेळी पुनर्विक्रीत स्वस्तात घेतो. त्यात २०१८पासून या देणगीवरची ८० टक्के करवजावट बंद झाली, त्यामुळे देणगीदारही आता हात आखडून विचार करतो.

मिशिगन आणि स्टॅनफर्ड ही दोन विद्यापीठं शेजारी ठेवून पाहा. मिशिगनमध्ये १९७५च्या नोव्हेंबरपासून, महामारीचा २०२०चा हंगाम सोडला, तर घरच्या प्रत्येक सामन्याला लाखाच्या वर प्रेक्षक आले आहेत. एवढी मागणी असूनही २०१०मध्ये पूर्ण झालेल्या २२.६ कोटी डॉलरच्या कामाचा भर साध्या बाकांवर नव्हता. ८१ सूट (म्हणजे खासगी कक्ष) आणि सुमारे ३ हजार क्लब सीट (जास्त सोयींच्या महाग जागा) बांधल्या गेल्या. पुढे २०१५मध्ये क्षमता १,०९,९०१ वरून १,०७,६०१ वर आणली. गर्दीची खात्री असलेलं विद्यापीठही महाग जागांवर पैसा लावतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

स्टॅनफर्डने उलट वाट धरली. २००५चा हंगाम संपताच ८५,५०० जागांचं जुनं स्टेडियम पाडलं, मैदानाभोवतीचा धावण्याचा ट्रॅक काढून प्रेक्षक मैदानाजवळ आणले आणि २००६च्या सप्टेंबरात सुमारे ५० हजार जागांचं नवं स्टेडियम उघडलं. निर्णय योग्यच होता. पण २०२१ ते २०२४ सलग चार हंगाम संघ ३-९ (तीन विजय, नऊ पराभव) असा खेळला आणि ५० हजारही भरेनात. जागा घटवल्याने टंचाई दिसते. हरणाऱ्या संघासाठी मागणी मात्र तयार होत नाही.

घटवणं स्वस्त असतं, हाही गैरसमज. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नव्या रायन फील्ड स्टेडियमची क्षमता ४७ हजारांवरून ३५ हजारांवर आली, पण खर्च ८० कोटी डॉलरच्या पुढे. तिथे कॉन्सर्टनाही परवानगी मिळाली आहे, पण वर्षाला सहाच.

सर्वांत सावध करणारं उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या स्टेडियमचं. हेवर्ड भूकंपभ्रंश मैदानाखालूनच जात असल्याने मजबुतीकरण टाळता येत नव्हतं. खर्च भागवायला ४०-५० वर्षांचे आसनहक्क ४० हजार ते अडीच लाख डॉलरना विकायची योजना होती. विक्री अपेक्षेपेक्षा फारच कमी झाली आणि कर्जाचा मोठा वाटा शेवटी विद्यापीठाला उचलावा लागला. चूक जागांच्या संख्येत नव्हती. न झालेली विक्री उत्पन्न म्हणून धरण्यात होती.

तेव्हा निर्णयाआधी विकलेली तिकिटं मोजू नका, दारात स्कॅन झालेली मोजा. दोन्हींत मोठी तफावत असते. गेल्या पाच हंगामांतले सामने उपस्थितीनुसार लावा, त्यातही पराभवाचा हंगाम असू द्या. प्रतीक्षायादीतल्या लोकांनी अनामत भरली असेल तरच ती यादी खरी. जागा वाढवायच्याच असतील, तर आधी सूट आणि क्लब. कमी करायच्या असतील, तर लगेच तोडफोड नको: वरचे कोपरे दोन हंगाम ताडपत्रीने झाका आणि सीझन तिकिटांचं नूतनीकरण वाढतं का पाहा. विद्यार्थ्यांच्या आणि बँडच्या मैदानालगतच्या जागांना मात्र हात लावू नका. तो आवाज गेला की बाकीच्या तिकिटांचा भावही उतरतो.